गोल्डन ड्युरांटाचं कुंपण: अर्धं सोनेरी, अर्धं हिरवं, आणि फूल एकही नाही

ओळंबा (सातारा)
९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी.

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्यांची आखणी केली. आता गोडोलीत घराच्या पश्चिमेला अडतीस फूट कुंपण सांभाळतो. काम तेच, फक्त कालवा हिरवा आहे. खरं तर पिवळा असायला हवा, आणि तीच तक्रार घेऊन आलोय.

जुलै २०२१ मध्ये गोल्डन ड्युरांटाची ३८ रोपं लावली. काळ्या पिशवीतली, वीतभर उंचीची, २५ रुपयांना एक. फुटाला एक रोप, दोरी ताणून, प्रत्येक खड्डा टेपनं मोजून. आधी तिथं वडिलांच्या वेळची कोयनेल होती, ती घराचं बांधकाम काढलं तेव्हा गेली. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कुंपण भरलं आणि उन्हात असं दिसायला लागलं की हळद सांडलीय. रस्त्यानं जाणारे थांबून नाव विचारायचे. दर तीन आठवड्यांनी मालीमामा येतात, मी दोरी बांधून देतो, ते कात्री चालवतात. उंची साडेतीन फूट, रुंदी दीड फूट, वरची कड लेव्हलमध्ये. पाण्याची नळी धरून तपासलेली आहे, हसू नका.

गेल्या दीडेक वर्षात मात्र बिनसलंय. गेटपासून २१ फुटांपर्यंत कुंपण अजून पिवळंधमक आहे. तिथून मागच्या मोरीपर्यंतचं १७ फूट आधी पोपटी झालं आणि आता चक्क हिरवं. रोपं एकाच नर्सरीतली, लावली एकाच दिवशी, खाली मुरूम आणि वर दोन ट्रॉली तांबडी माती सगळीकडे सारखीच, पाणी एकाच ठिबकचं. मागच्या भागाला खत कमी पडत असेल म्हणून डिसेंबरात तिकडे रोपामागे मूठभर युरिया टाकला. झाडं जोमानं वाढली आणि आणखीच हिरवी झाली.

शिवाय गेटकडून नवव्या रोपाला, म्हणजे भर पिवळ्या पट्ट्यात, बुंध्याजवळून एक धुमारा आलाय. तो गर्द हिरवा, पानं मोठी, आणि बाकीच्यांच्या दुप्पट वेगानं वाढतोय.

आता फुलांचं. सौ.चं लहानपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. त्यांच्या क्वार्टरसमोर ड्युरांटाच होता असं ती शपथेवर सांगते. जांभळ्या फुलांचे घोस लोंबायचे, त्यांवर काळे भुंगे, आणि मागाहून नारिंगी मण्यांसारखी फळं. त्या मण्यांच्या माळा करून बाहुलीच्या गळ्यात घालायच्या. आमच्याकडे चार वर्षांत एकही फूल नाही. नर्सरीवाल्यानं तुम्हाला बिनफुलाची जात चिकटवली, हे ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवतेच.

जात खरंच वेगळी आहे, की माझं काही चुकतंय?

कुंडीतली शेती (ठाणे)
९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११:१५

काका, युरिया बंद करा आधी! त्यात ४६ टक्के नत्र असतं, त्यानं नुसता पाला वाढणार. फुलं हवी असतील तर स्फुरद द्यायला पाहिजे. मी बाल्कनीत मोगऱ्याला चिमूटभर डीएपी आणि केळीच्या सालीचं पाणी देते, मस्त कळ्या येतात. ड्युरांटा मात्र कधी लावला नाही, त्यामुळे जाणकार सांगतीलच.

वाईचा रोपवाला
९ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:०५

साहेब, दोनच गोष्टी विचारतो. दीड वर्षापूर्वी शेजारी काही बांधलंय का? आणि ती दोरी दर तीन आठवड्याला बांधताच का?

पहिल्याचं उत्तर हो असंल तर हिरव्या रंगाचं कारण तेच. दुसऱ्याचं उत्तर हो असंल तर फुलाचं कारण तुम्ही. आमच्या धंद्यात ह्याला गोल्डन दुरांडा म्हणतात, हजारांनी जातो. बिनफुलाची अशी वेगळी जात आम्ही काही ठेवत नाही. जो पिवळा तोच फुलतो. पण गिऱ्हाईक त्याला फुलू देत नाही.

मधुमालती (नागपूर)
१० फेब्रुवारी २०२५, दुपारी ४:३०

वाईच्या भाऊंनी दोन ओळींत निदान केलंय. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला दोन ओळींत जमत नाही.

आधी रंग. ह्या झाडाचं मूळ रूप हिरव्याच पानांचं. सोनेरी पानं हा त्यातला एक वेगळा निघालेला प्रकार, तो लोकांनी काड्या लावून लावून वाढवला. त्याच्या पानात हरितद्रव्य मुळातच कमी, म्हणून खालचा पिवळा रंग वर दिसतो. भरपूर ऊन असलं की त्याचं तेवढ्यावर भागतं. ऊन तुटलं की मिळेल तेवढा उजेड पकडायला पान हरितद्रव्य वाढवतं आणि हिरवं होतं. झाडाच्या दृष्टीनं ते अगदी शहाणपणाचं आहे, बिघाड नव्हेच. पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर सोनं टिकतं. तीन तासांवर पोपटी, आणि त्याच्याही खाली तुम्ही सांगताय तसं. त्यावर युरिया म्हणजे सावलीत बसलेल्याला हिरवा सदरा शिवून देणं. चार वर्षांच्या झाडांना मुठीनं काही होणार नाही, पण पुन्हा टाकू नका. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडाशी रोपामागे दोन-तीन ओंजळी शेणखत पुरे.

पिवळ्या पानांत एक फसगत असते, तीही सांगून ठेवते. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची जमीन असली की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. लोक ते सोनं समजून खूश असतात! ओळखायचं असं: शेंड्याकडची कोवळी पानं फिकट पांढरट-पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या, म्हणजे ती लोहाची कमतरता. खऱ्या सोनेरी पानात शिराही पिवळ्या असतात आणि पान तुकतुकीत असतं. तुमच्या पुढच्या २१ फुटांत एकदा शिरा बघून घ्या.

नवव्या रोपाचा धुमारा म्हणजे झाड आपल्या मूळ वळणावर गेलंय. हरितद्रव्य जास्त, म्हणून अन्न जास्त तयार होतं, म्हणून वाढ जास्त. तो ठेवलात तर दोन वर्षांत सबंध रोप खाऊन टाकेल. कात्रीनं वरवर छाटू नका, त्यानं तो आणखी फांद्या फोडतो. जिथून निघालाय तिथं, अगदी उगमाशी, धारदार चाकूनं काढा. हातमोजे घाला. जुन्या लाकडावर पानांच्या बेचक्यांत काटे असतात आणि ते पटकन दिसत नाहीत.

फुलांचं भाऊंनी सांगितलंच. ह्याचे घोस नव्या फुटीच्या टोकांना येतात. तुम्ही दर एकवीस दिवसांनी नेमकी ती टोकं उडवता. ठाण्याच्या ताई, डीएपीचं पोतं रिकामं केलं तरी कात्रीपुढे काही चालणार नाही.

जाता जाता नावाची गंमत, तुमच्यातल्या अभियंत्यासाठी. सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरांते ह्या इटालियन वैद्याच्या नावावरून ड्युरांटा. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली एकाच ग्रंथात ह्याला दोन झाडं समजून दोन नावं दिली: एक इरेक्टा म्हणजे ताठ आणि दुसरं रेपेन्स म्हणजे सरपटणारं. पुढं कळलं की झाड एकच. फांद्या आधी ताठ जातात, मग भारानं कमानीसारख्या वाकतात. तुमच्या लेव्हलच्या नळीला हे पटायचं नाही.

ओळंबा (सातारा)
१६ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ६:५०

वाईकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर: हो. पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी २०२३ मध्ये बैठ्या घरावर दोन मजले चढवले. रोज सकाळी त्यांच्या गॅलरीतून नमस्कार होतो, आणि माझ्या डोक्यात हा हिशोब आला नाही. निवृत्तीनंतर माणूस गंजतो तो असा.

मधुमालतीताई, तुमचं वाचून आठवडाभर भिंतीवर खडूनं सावलीच्या खुणा केल्या, दर तासाला. सौ.ला वाटलं मी गच्चीवर सोलर बसवतोय. निकाल असा. मागच्या १७ फुटांवर सकाळी आमच्याच घराची सावली, ती दहाच्या सुमाराला हटते. एकनंतर शेजाऱ्यांची येते. हातात राहिलं तीन तासांचं ऊन. पुढच्या भागाला सकाळी नऊपासून साडेचारपर्यंत ऊन आहे. दुपारी दोनला सावलीची कड गेटपासून २० फूट ८ इंचावर पडते, आणि पिवळा रंग संपतो २१ फूट ४ इंचावर. आठ इंचांचा फरक. कालव्याला एवढा चालतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य साताऱ्याच्या बरोब्बर डोक्यावर येतो, त्या दिवशी पुन्हा मोजणार आहे. उपयोग काही नाही, पण मोजणार आहे.

शिरा पाहिल्या. पिवळ्या आहेत. नवव्या रोपाचा धुमारा उगमाशी काढला, काटा लागलाच.

आता एक कबुली. मी ‘एकही फूल नाही’ असं लिहिलं होतं. काल सौ. मंडईतून आली ती हात धरून मला रस्त्यावर घेऊन गेली. गेटच्या कोपऱ्यावर विजेच्या मीटरची पेटी आहे. तिच्यामागे पहिल्या रोपाच्या तीन फांद्या भिंतीवरून बाहेर झुकल्यात. मामांची कात्री तिथं पोचत नाही, आणि मी कुंपण बघतो ते आतून. बाहेरून लोंबत होते दोन फिकट जांभळे घोस आणि हातभर लांब नारिंगी मण्यांचे लोंगर. म्हणजे फुलं आम्हाला सोडून अख्ख्या गोडोलीला दिसत होती! सौ. काही बोलली नाही. आठवडाभर बोलणार नाही असं दिसतंय, आणि ते जास्त वाईट.

तर आता काय करावं? कुंपण सरळही हवंय आणि तिला फुलंही हवीत.

वाईचा रोपवाला
१६ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

दोन्ही एका झाडावर मिळणार नाही साहेब. वाटणी करा. गेटकडची चार-पाच झाडं बाईंच्या नावावर सोडा. त्यांना कात्री लावायची वर्षातनं एकदाच, आत्ता फेब्रुवारी सरता-सरता. फूटभर ठेवून खाली आणा, मग सोडून द्या. पावसात फुलं बघा. माणसाच्या वर जातील, चार-पाच फूट पसरतील, तेव्हा एकाआड एक झाड काढावं लागंल. मधल्या झाडांवर दोरी चालू द्या.

मागचे १७ फूट विसरा. तिथं सोनं यायचं नाही. कामिनी लावा, तिला अर्धं ऊन चालतं. फुलं थोडी कमी येतील, पण वास घरात येईल.

मधुमालती (नागपूर)
१७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:१०

भाऊ, बाकी सगळं मान्य. ‘फूटभर ठेवून’ हे मात्र साताऱ्यात ठीक, विदर्भात कुणी वाचून करू नये. आमच्याकडे मार्चमध्येच ऊन चावायला लागतं. उघडी पडलेली जुनी खोडं भाजून फाटतात आणि नवी पिवळी पानं कागदासारखी करपतात. मी एकदा होळीच्या आधी अशी छाटणी करून सहातली दोन झाडं घालवलीत. इकडे जूनचा पहिला पाऊस पडला की छाटावं, आणि तेही निम्म्यावरच.

वाईचा रोपवाला
१७ फेब्रुवारी २०२५, दुपारी १:२०

ताई, बरोबर. नागपूरचं ऊन मी फक्त टीव्हीवर बघितलंय. साहेबांनी पण छाटल्यावर बुंध्यात पालापाचोळा टाकावा आणि महिनाभर आळं ओलं ठेवावं.

ब्रिस्बेनकर
१७ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी ५:०५

मूळची सांगलीची, वीस वर्षं इथं. एका गोष्टीवर कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते: ती नारिंगी फळं विषारी असतात. बाहुलीच्या माळा वाचून पोटात गोळा आला. पक्षी खातात, त्यांना काही होत नाही. पण लहान मुलं, कुत्री, मांजरं ह्यांच्या पोटात गेली तर उलट्या, गुंगी, झटके येऊ शकतात, आणि मुलं दगावल्याच्याही नोंदी आहेत. फळं चकचकीत आणि नेमकी मुलांच्या हाताच्या उंचीवर लोंबतात. पानंही तोंडात घालण्यासारखी नाहीत.

इथं क्वीन्सलंडमध्ये हे झाड तणांत धरतात. पक्षी बिया खाऊन ओढ्याकाठी, रानात टाकतात आणि तिथं जाळी माजते. आपल्याकडे घाणेरीचं झालं ना, तसंच. दोन्ही अमेरिका खंडातली, एकाच कुळातली. गंमत म्हणजे सोनेरी पानांचा प्रकार इथंही ‘शीनाज गोल्ड’ नावानं घरोघर कुंपणाला आहे. पण तो सतत छाटलेला असतो, त्यामुळे फळ धरत नाही.

घरात नातवंडं आहेत का?

ओळंबा (सातारा)
१७ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:१५

आहे. तीन वर्षांची, मे महिन्यात येते, आणि दिसेल ते तोंडात घालते. लोंगर आत्ताच बॅटरी घेऊन जाऊन काढून आलो, दोन पिशव्या भरल्या. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, पण माळा आम्ही घरात येताना दाराबाहेर काढून ठेवायचो, आजी आत आणू द्यायची नाही. का ते आजीनं कधी सांगितलं नाही.

कुंडीतली शेती (ठाणे)
१८ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०:००

बापरे. आमच्या सोसायटीच्या खेळायच्या जागेभोवती हेच आहे! आज सेक्रेटरींना सांगते. मग झाड उपटायचं का सगळं?

मधुमालती (नागपूर)
१८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११:४५

उपटायची गरज नाही. फळ फुलामागून येतं, त्याला काही आठवडे लागतात. घोसातली फुलं झडत आली की घोसाखाली दोन पानं ठेवून कापायचं. फळ धरायच्या आत गेलं की विषय संपला, आणि तिथून नवी फूट येऊन पुन्हा फुलतं. पावसाळाभर हा क्रम चालतो. कापलेलं कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका, बिया रुजतात. फक्त हे काम नेमानं करणारं माणूस पाहिजे. खेळायच्या जागेभोवती असं माणूस मिळत नाही, तिथं छाटलेलंच राहू द्या.

ओळंबा (सातारा)
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:३०

हा धागा अर्धवट सोडून गेलो होतो. हिशोब देणं लागतो.

फेब्रुवारीच्या शेवटी गेटकडची पहिली पाच झाडं फूटभर ठेवून छाटली. मालीमामांनी दोनदा विचारलं, “साहेब, नक्की?” महिनाभर नुसते खुंट. येणारे-जाणारे ‘कीड लागली का’ म्हणून विचारत होते. एप्रिलमध्ये पालवी आली ती लिंबासारखी पिवळी, मे महिन्यात जरा करपली. मेमध्ये त्यावर पांढरी माशी बसली. निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी तीनदा फवारलं, आटोक्यात आली. सावलीही मोजली, सांगितल्याप्रमाणे.

पहिला घोस २३ जूनला. त्या आधी चार दिवस संततधार होती, आणि उघडीप पडली त्या सकाळी सौ.नं हाक मारली. जुलै-ऑगस्टमध्ये मोजायचं सोडून दिलं, हे माझ्याकडून पहिल्यांदाच. पिवळ्या पानांवर तो जांभळा रंग फोटोत येत नाही. जवळून पाहिलं तर दोन पाकळ्यांवर मधोमध गडद रेघ असते. भुंगे येतात ते काळे, निळ्या पंखांचे, अंगठ्याएवढे, आणि ते बसले की सगळा घोस खाली वाकतो. फुलपाखरं तर इतकी येतात की मीटर बघायला आलेला मुलगा मोबाइल काढून उभा राहिला.

झडलेले घोस रोज सकाळी सौ. कापते. तिच्या हातात भाजीची कात्री आणि जुना डबा. एकदा ती चार दिवस लग्नाला गेली, तेव्हा मी कापले. आल्यावर सात ठिकाणी दोन पानं न ठेवता कापल्याचं तिनं दाखवून दिलं. माणूस मोजायला लागलं की कसं वाटतं ते कळलं.

छाटलेल्या फांद्यांच्या सहा-सहा इंचांच्या काड्या जूनमध्ये रेती-मातीत लावल्या होत्या, सावलीला. चौदापैकी अकरा महिन्याभरात फुटल्या. कुणाला हव्या असतील तर गोडोलीत येऊन न्या, फळांची गोष्ट ऐकून घेतल्याशिवाय देणार नाही.

पाच झाडं आता गळ्यात गळे घालून वाकलीत, दुसरं आणि चौथं काढावं लागणार, वाईकर म्हणाले तसं. मधल्या सोळा झाडांवर दोरी चालू आहे. तिथं सोनं आहे, फूल नाही, आणि लेव्हल आहे.

मागचे १७ फूट ह्या महिन्यात खणतोय. वाईकर, येत्या रविवारी तुमच्याकडे येईन. कामिनीची रोपं किती लागतील? फुटाला एक धरू का?

वाईचा रोपवाला
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१०

दीड फुटाला एक. बारा पुरे. दोरी आणू नका.